हातभार आणि भार

नाताळ आठवड्यावर आला की वसईपासून गोव्यापर्यंत अनेक ख्रिस्ती घरांत एक संध्याकाळ कुलकुलांची असते. मळलेल्या पिठाच्या बोराएवढ्या गोळ्या करायच्या, एकेक गोळी काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या फणीवर अंगठ्याने दाबून पसरायची आणि तशीच गुंडाळत आणायची. रेघा उमटलेली, शिंपल्यासारखी छोटी वळकटी तयार होते. या कामाला सगळं घर बसतं. आजोबा बसतात, शाळकरी मुलं बसतात, एरवी स्वयंपाकघरात न फिरकणारे पुरुषही बसतात. गप्पा होतात, कुणाच्या वळकट्या वाकड्या म्हणून चेष्टा होते, आणि ताटं भरली की मंडळी उठतात. मग एक जण कढईपाशी उभी राहते. तिने चार दिवस आधी मैदा आणि साखर आणलेली असते, सकाळी नारळाचं दूध काढलेलं असतं. तळण झाल्यावर तेल गाळायचं, कढई घासायची, कुठल्या शेजाऱ्याकडे किती पाठवायचं आणि कुणाला मधुमेह आहे हे लक्षात ठेवायचं, तेही तिनेच. विचारलं तर घर एकमुखाने सांगेल की कुलकुलं सगळ्यांनी मिळून केली. ते खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. मराठीने यासाठी दोन शब्द केव्हाच वेगळे करून ठेवले आहेत. सगळ्यांनी लावला तो हातभार. भार मात्र एकटीचा होता. हातभार लावणाऱ्याला मध्येच उठता येतं. ज्याच्या शिरावर भार असतो, त्याला उठता येत नाही.

ख्रिस्ती कुटुंबातल्या जबाबदारीची चर्चा बहुधा हातभारापाशीच थांबते. नवरा बायकोला ‘मदत करतो’ हे कौतुकाने सांगितलं जातं, प्रवचनातही त्याची वाखाणणी होते. पण मदत या शब्दातच काम मुळात दुसऱ्याचं आहे हे गृहीत धरलेलं असतं. भार कुणाचा, तो कधी ठरला, कुणी ठरवला आणि घरची परिस्थिती बदलल्यावर तो पुन्हा वाटला का, हे प्रश्न मागेच राहतात. बहुतेक घरांत ही वाटणी लग्नाच्या वेळी, कुणीही न बोलता, रूढीने होऊन गेलेली असते आणि पुढची चाळीस वर्षं तीच चालते. घर मात्र चाळीस वर्षं एका जागी उभं राहत नाही. नव्या संसाराचा काळ, लहान मुलांचा काळ, मुलांच्या परीक्षांचा आणि नोकऱ्यांचा काळ, म्हाताऱ्या आईवडिलांचा काळ आणि शेवटी दोघांपैकी एकाच्या एकटेपणाचा काळ, असे ऋतू येत-जात असतात. ख्रिस्ती श्रद्धेची स्वतःची शिकवण नीट वाचली, तर संसाराचा भार दोघांचा आहे आणि त्याची वाटणी प्रत्येक ऋतूत नव्याने करावी लागते, हेच तिच्यातून निघतं. ही शिकवण आधुनिक काळाने बाहेरून आणून चिकटवलेली नाही. ती मुळातच होती; आपण ती सोयीने बाजूला ठेवली.

देशाचं चित्र काय आहे ते आधी पाहू. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी केली. घरच्या माणसांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाया त्या कामावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, असं तीत दिसलं. पुरुषांपैकी असं काम करणारेच मुळात सुमारे चारात एक. आणि जे करतात त्यांची सरासरी ९७ मिनिटं. म्हणजे एकीकडे पाच तास, दुसरीकडे दीड तासापेक्षा थोडं जास्त. हे आकडे सगळ्या धर्मांच्या घरांचे आहेत. ख्रिस्ती घरं त्यातून आपोआप वगळली जातील असं मानायला काही आधार नाही. शिवाय मिनिटं मोजणाऱ्या पाहणीत एक गोष्ट मोजता येत नाही, ती म्हणजे लक्षात ठेवण्याचं काम. गॅसचा सिलिंडर कधी लावला होता, धाकट्याचा डोस कोणत्या तारखेला आहे, सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी संपत आली आहे, रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गासाठी वही हवी आहे. हे काम दिसत नाही म्हणून वाटलं जात नाही, आणि वाटलं जात नाही म्हणून सर्वांत जास्त थकवतं.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात तीन वचनांच्या अंतरावर दोन सूचना आहेत आणि वरवर पाहता त्या एकमेकींना छेद देतात. आधी तो सांगतो की एकमेकांची ओझी वाहा. लगेच पुढे म्हणतो की प्रत्येकाने स्वतःचा भार स्वतः वाहायचा आहे. मूळ ग्रीक पाहिलं तर कोडं सुटतं, कारण तिथे शब्द दोन आहेत. पहिला ‘बारोस’, म्हणजे माणसाला वाकवून टाकणारं वजन. दुसरा ‘फोर्तिओन’, म्हणजे ज्याने-त्याने उचलायची आपली शिदोरी, आपलं गाठोडं. गाठोडं आपलं आपण उचलायचं. वाकवणारं वजन मिळून उचलायचं. यातली खरी मेख संसारात कळते, कारण तिथे गाठोड्याचं ओझं व्हायला वेळ लागत नाही. रोजचा स्वयंपाक निरोगी माणसाला गाठोडं असतो. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी, केमोथेरपी चालू असताना किंवा गुडघे गेल्यावर तोच स्वयंपाक ओझं होतो. काम तेच, ऋतू बदललेला. म्हणून कोणतं काम कुणाचं, याचं कायमचं उत्तर असूच शकत नाही. उत्तर दर वेळी माणसाकडे बघून काढावं लागतं.

जुन्या करारात यासाठी एक सुरेख प्रसंग आहे. निर्गमच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे निवाडे करत बसलेला असतो. त्याचा सासरा इथ्रो ते पाहतो आणि स्पष्ट सांगतो की हे बरं नाही, तू थकशील आणि लोकही थकतील. माणसं नेम आणि काम वाटून दे. हा सल्ला व्यवस्थापनाचा धडा म्हणून पुष्कळदा सांगितला जातो. पण इथ्रो तिथे कशासाठी आला होता, हे सहसा कुणी सांगत नाही. मोशेने बायकोला आणि दोन मुलग्यांना माहेरी पाठवून दिलं होतं, त्यांना परत पोचवायला तो आला होता. सगळ्या राष्ट्राचा भार एकट्याने वाहणाऱ्या माणसाचं घर तेवढा वेळ सासऱ्याच्या खांद्यावर होतं. देवाचं काम करतो म्हणून घरातून सूट मिळालेल्या प्रत्येक पाळकाने, धर्मग्रामाच्या प्रत्येक पदाधिकाऱ्याने आणि प्रत्येक समाजकार्यकर्त्याने तो अध्याय पहिल्या वचनापासून वाचावा.

इथे सर्वांत मोठा आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. पती हा पत्नीचं मस्तक आहे, असं इफिसकरांस पत्रात लिहिलेलं नाही का? मग भार दोघांचा कसा? उत्तर तीन टप्प्यांत देता येतं. एक, पत्नींना उद्देशून असलेल्या वचनाच्या लगेच आधी, पाचव्या अध्यायाच्या एकविसाव्या वचनात, सर्व विश्वासी जनांनी परस्परांच्या अधीन राहावं असं सांगितलं आहे. सर्वांत जुन्या हस्तलिखितांपैकी काहींत बाविसाव्या वचनाला स्वतःचं क्रियापदच नाही. ते या आधीच्या वचनातून घ्यावं लागतं. दोन, पत्नींना सांगायला पौल तीन वचनं घेतो. पतींना सांगायला त्याला त्याच्या दुपटीहून जास्त लागतात, आणि त्यांत अधिकार गाजवण्याबद्दल एक शब्द नाही. ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला देऊन टाकलं तसं देऊन टाका, हा त्या वचनांचा गाभा आहे. तीन, ज्या ख्रिस्ताचा दाखला दिला आहे, त्याने शेवटच्या भोजनाच्या रात्री कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले. ते काम त्या काळच्या घरांत सर्वांत खालच्या चाकराचं होतं. मस्तक या शब्दाचा अर्थ त्या प्रसंगातून घेतला, तर घरात सर्वांत आधी वाकायचं कुणी, याचं उत्तर मिळतं.

हा अर्थ चर्चने अधिकृतपणे मांडायला वेळ घेतला, हे मान्य करायला हवं. पोप अकराव्या पायसच्या १९३० च्या परिपत्रात पतीच्या अग्रस्थानाची भाषा ठळक आहे. मात्र त्यातही व्यक्ती, स्थळ आणि काळ पाहून तिचं रूप बदलू शकतं अशी मोकळीक आहे. १९८३ च्या कॅथलिक धर्मविधिसंहितेचं ११३५ वं कलम वैवाहिक सहजीवनाच्या बाबतीत दोघांची कर्तव्यं आणि हक्क समान मानतं. पोप दुसऱ्या जॉन पॉल यांनी १९८८ मध्ये लिहिलं की इफिसकरांस पत्रातली अधीनता एकतर्फी नसून परस्परांची आहे. आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात अगदी स्वयंपाकघराच्या दारात येऊन सांगितलं की बायकोच्या कामाच्या वेळा पाहून नवऱ्याने घरकाम आणि मुलांचं करणं यात त्याचं पुरुषपण तसूभरही कमी होत नाही. पोपना हे लिहावं लागलं, यातच अनेक घरांत काय समजलं जातं ते आलं.

आता ऋतूंप्रमाणे पाहू. संसाराच्या पहिल्या ऋतूबद्दल उत्पत्तीच्या पुस्तकात एक वाक्य आहे, ते लग्नाच्या मिस्सात आणि उपासनेत हमखास वाचलं जातं. त्यात आईबापांना सोडून पत्नीला जडून राहणारा पुरुष आहे. आपल्याकडे वाचन हे होतं आणि घर सोडते मुलगी. रूढी आणि वचन यांची गाठ पडते तेव्हा रूढी कशी जिंकते, याचा यापेक्षा स्वच्छ नमुना सापडणार नाही. मुलाने वेगळं घर केलंच पाहिजे असा याचा अर्थ नव्हे. शहरातल्या घरभाड्यांचा विचार केला तर ते अनेकांना शक्यही नाही. अर्थ इतकाच की नव्या संसाराला स्वतःचे निर्णय हवेत आणि जुनं घर सोडण्याची किंमत एकट्या मुलीने मोजू नये. पगार कुठल्या खात्यात जाईल, माहेरच्या आईवडिलांना दरमहा काही पाठवायचं का, सकाळचा डबा कोण करील, रविवारी कुणाच्या चर्चमध्ये जायचं, या गोष्टी लग्नाआधी बोलायच्या असतात. कॅथलिक धर्मप्रांतांत विवाहपूर्व मार्गदर्शनाचं शिबिर असतं. वधूवर तिथे येतातच. या प्रश्नांना त्यात एक तास दिला, तर पुढची कित्येक भांडणं वाचतील.

मुलं झाली की दुसरा ऋतू सुरू होतो, आणि इथे ख्रिस्ती परंपरेने एक अशी सोय केली आहे की तिचं मोल आपण विसरलो. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला धर्मपिता किंवा धर्ममाता देतात. गोव्यात त्यांना पादीन आणि मादीन म्हणतात. धर्मविधिसंहितेप्रमाणे ही व्यक्ती साधारणपणे सोळा वर्षं पूर्ण झालेली असावी लागते आणि ती मुलाचे आई किंवा वडील असून चालत नाही. या अटीमागचा विचार सरळ आहे. मूल फक्त दोन माणसांचं नाही, त्याच्यासाठी तिसऱ्या कुणाला तरी शब्द द्यावा लागतो. आज तो शब्द बहुतेक वेळा सोन्याची साखळी, केक आणि फोटो एवढ्यावर संपतो. पण मादीनने आठवड्यातून एक संध्याकाळ मुलाला आपल्याकडे ठेवून घेतलं, पादीनने दहावीच्या वर्षी गणिताचा भार उचलला, तर त्या जुन्या विधीला आजच्या धावपळीत नेमका अर्थ येईल. अर्थात त्यामुळे आईवडिलांचं काम कमी होत नाही. मुलांच्या शारीरिक, सामाजिक, सांस्कृतिक, नैतिक आणि धार्मिक वाढीचं अत्यंत गंभीर कर्तव्य संहितेच्या ११३६ व्या कलमाने पालकांवर ठेवलं आहे. कलमात शब्द पालक आहे, आई नव्हे. शाळेच्या पालकसभेत खुर्च्यांवर कोण बसलेलं असतं, हे ज्याने-त्याने आठवून पाहावं.

मधल्या ऋतूत कमावण्याचा प्रश्न येतो. घराबाहेर पडणारी बाई ही नवी गोष्ट आहे, असा समज ख्रिस्ती समाजात तरी टिकत नाही. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातली गुणवान स्त्री शेत पारखून विकत घेते, द्राक्षमळा लावते, विणलेला माल व्यापाऱ्यांना देते. प्रेषितांच्या कृत्यांत अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपं मिळून तंबू शिवतं. आपल्याकडे वसईच्या वाड्यांतल्या बाया भाजी आणि फुलं घेऊन पहाटेच्या लोकलने दादरच्या बाजारात येत आल्या आहेत. भाव करणं, उधारी वसूल करणं, पैसा घरी नेणं हे त्यांचं काम. कमाईची वाटणी अशी झाली, पण त्या घराबाहेर असताना चूल कोण पाहत होतं? पहाटे घर सोडणाऱ्या बाईचं घर कुणीतरी सांभाळतंच, आणि ते बहुधा दुसरी बाई असते: सासू, नणंद, थोरली मुलगी. म्हणजे बाईने पुरुषाच्या भारात वाटा उचलला आणि बाईचा भार दुसऱ्या बाईकडे सरकला. नोकरी करणाऱ्या शहरी ख्रिस्ती घरांत आज थोरल्या मुलीची जागा धुणंभांडी करणाऱ्या मावशींनी घेतली आहे, एवढाच फरक. याला वाटून घेणं म्हणता येणार नाही.

गोव्यातल्या तारवट्यांच्या घरांत ऋतू अक्षरशः येतात आणि जातात. बोटीवर नोकरी करणारा माणूस म्हणजे तारवटी. तो करारावर कित्येक महिने समुद्रावर असतो आणि मग सुट्टीवर घरी येतो. मुंबईत धोबीतलावाच्या परिसरात गावोगावच्या गोवेकरांनी उभे केलेले कूड याच जीवनाची खूण आहेत. बोट मिळेपर्यंत पुरुष तिथे राहायचे, आपल्या पेटीपाशी झोपायचे आणि सगळे मिळून तेर्स, म्हणजे रोजरीची प्रार्थना, म्हणायचे. तारवटी घरी नसतो तेव्हा बँक, शाळा, छपराची दुरुस्ती, सासूचं इस्पितळ आणि फेस्ताची वर्गणी बायको पाहते. तिला परवानगी मागायला वेळ नसतो आणि तशी गरजही उरत नाही. कसोटी लागते ती तो परतल्यावर. सहा-आठ महिने घर चालवलेल्या बाईने त्याच्या आगमनाबरोबर पुन्हा विचारून खर्च करणारी व्हायचं का? आणि ज्याच्या गैरहजेरीत घराची घडी बसली, त्याने पाहुण्यासारखं बसून राहायचं का? दोन्ही उत्तरं घराला जड जातात. शहाणी घरं तिसरं करतात. पहिला आठवडा ते घडी बदलण्यासाठी घेतात. बँक तिच्याकडेच राहते. मुलांना शाळेत सोडणं, बाजार आणि आईचा दवाखाना त्याच्याकडे येतो. निघण्याआधी पुन्हा हस्तांतर होतं. फेरवाटणी नियमाने करावी लागते, हे समुद्राने या घरांना शिकवलं. जमिनीवरच्या घरांना ते शिकवायला कुणी नाही.

गोव्याचा कायदाही या बाबतीत बोलका आहे. १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेतून आलेल्या व्यवस्थेत, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते. बायकोच्या सहीशिवाय नवऱ्याला घर किंवा जमीन विकता येत नाही. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरांना मात्र १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करता नवरा वारला आणि मुलं असली तर विधवेला एक तृतीयांश मिळतं. उरलेले दोन तृतीयांश मुलगे आणि मुली यांच्यात समान वाटले जातात. मुलगा-मुलगी समानता त्यात पहिल्यापासून आहे, ही अभिमानाची गोष्ट. पण त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे. अपत्य नसलेला माणूस मृत्युपत्राशिवाय वारला आणि त्याचे वडील हयात असले, तर पत्नीचा वाटा वगळून उरलेलं सगळं वडिलांना जातं. आईला काही मिळत नाही. ज्या आईने त्याला वाढवलं तिचा भार कायद्याला दिसत नाही. म्हणून जबाबदारीच्या वाटणीत कागदही येतात. घर दोघांच्या नावावर करणं, मृत्युपत्र करणं, बँकेत वारस नोंदवणं ही कोरडी कामं वाटतात, पण एकाच्या माघारी दुसऱ्याच्या हातात काय राहील हे त्यांच्यावर ठरतं.

पुढचा ऋतू म्हाताऱ्या आईवडिलांचा. मार्काच्या शुभवर्तमानात येशू काही लोकांवर कडक शब्दांत टीका करतो. ते आईवडिलांसाठी लागणारा पैसा देवाला अर्पण केल्याचं जाहीर करून हात झटकत असत. धर्माच्या नावाने जबाबदारी टाळणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर मिळणार नाही. योहानाच्या शुभवर्तमानात तोच येशू क्रुसावरून आपल्या आईला एका शिष्याच्या हाती सोपवतो. प्राण जात असताना त्याने केलेल्या थोड्या गोष्टींत आईची सोय लावणं आहे, आणि ती रक्ताच्या नात्याबाहेर लावली आहे. भारतात २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने सज्ञान मुलगा, मुलगी, नातू आणि नात या सर्वांवर आईवडिलांच्या आणि आजीआजोबांच्या पालनपोषणाचं बंधन घातलं आहे. मुलगी त्यात मुलाच्या बरोबरीने आहे. सून कायद्याच्या यादीत नाही. प्रत्यक्षात अंथरुणाला खिळलेल्या सासूची कूस बदलतं कोण? कायद्याने आणि वचनाने जबाबदार धरलेला मुलगा औषधाचे पैसे देतो, आणि दोन्हींनी ज्या सुनेचं नाव घेतलेलं नाही ती रात्री तीनदा उठते. भावंडांनी बसून वही करावी: दर महिन्याला कोण किती पैसे देईल, दवाखान्याला कोण नेईल, रात्रीची पाळी कुणाची, आणि सांभाळणारीला महिन्यातून चार दिवस मोकळे कोण देईल. दुबईतला भाऊ कूस बदलू शकत नाही, पण रात्रीच्या परिचारिकेचा खर्च उचलू शकतो.

इथे दुसरा आक्षेप येतो आणि तो पहिल्यापेक्षा प्रामाणिक आहे. वह्या, पाळ्या, हिशेब हे प्रेमाचं लक्षण आहे का? ख्रिस्ती विवाह हा करार नाही, तो पवित्र बंध आहे. त्यात कुणी किती केलं हे मोजायचं नसतं. यात तथ्य आहे. जिथे प्रत्येक कप कुणी धुतला याची नोंद ठेवली जाते, तिथे घर उरत नाही. पण न मोजण्याची उदारता बहुधा कमी करणाऱ्याकडूनच सुचवली जाते, हेही तितकंच खरं. शिवाय पहिल्या ख्रिस्ती मंडळीला स्वतःला हा प्रश्न पडला होता. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात तक्रार आहे ती अशी की ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं. इतकं प्रेम असलेल्या मंडळीतही जेवण सगळ्यांना सारखं पोचत नव्हतं. प्रेषितांनी त्यावर प्रेम वाढवा असं प्रवचन केलं नाही. सात माणसं निवडली, त्यांना काम सोपवलं आणि त्यांची नावं ग्रंथात नोंदली गेली. पानं वाढण्याच्या कामासाठी नेमलेले ते सातही पुरुष होते, आणि त्यांतलाच स्तेफन पुढे पहिला हुतात्मा झाला. प्रेम आणि व्यवस्था यांत त्यांना विरोध दिसला नाही. कामाला नाव जोडलं नाही, तर ते सर्वांत प्रेमळ माणसाच्या गळ्यात पडतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

तिसरा आक्षेप परिस्थितीचा. विरारहून चर्चगेटला जाणारा माणूस रोज तीन-चार तास गाडीत घालवतो. त्याने आणखी काय करायचं? खरं आहे, आणि म्हणूनच निम्मं-निम्मं हे सूत्र मी मांडत नाही. ऋतूप्रमाणे वाटणी म्हणजे मापाने वाटणी नव्हे. एका काळात एकाच्या वाट्याला जास्त येईल. पण ते दोघांनी ठरवलेलं असावं, त्याला मुदत असावी आणि जास्त करणाऱ्याचं श्रेय मानलं जावं. गाडीत उभ्याउभ्या किराण्याची यादी करता येते, मुलाच्या शाळेच्या सूचना वाचता येतात, वडिलांच्या तपासणीची वेळ ठरवता येते. लक्षात ठेवण्याचा भार उचलायला जागेवर असावं लागत नाही. उलट विरारहून त्याच गाडीने नोकरीला जाणाऱ्या बाईला हा आक्षेप घेण्याची मुभा आजवर कुणी दिलेली नाही.

मराठी ख्रिस्ती इतिहासात या सगळ्याचा एक पुरावा आहे आणि तो एका संसाराचाच आहे. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी, १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना दिसतं की कवीच्या हातात पैसा टिकत नसे आणि घर धरून ठेवण्याचं काम लक्ष्मीबाईंकडे होतं. पण वाहणं एकाच दिशेने नव्हतं. त्यांना अक्षरओळख करून देण्याचा आग्रह टिळकांचा होता, आणि अनाथ मुलांना घरात घेऊन वाढवणं दोघांचं होतं. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. ज्या बाईला नवऱ्याने अक्षरं दाखवली, तिने ते महाकाव्य पूर्ण केलं. नवऱ्याचं गाठोडं बायकोने उचललं आणि ते तिला पेललं, कारण आधीच्या एका ऋतूत त्याने तिला तशी तयार केली होती. त्याच पिढीतल्या पंडिता रमाबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या, मुलगी मनोरमा हिला एकटीने वाढवलं आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये निराधार बायामुलींचं मोठं कुटुंब उभं केलं. नवरा-बायको आणि दोन मुलं हाच ख्रिस्ती कुटुंबाचा एकमेव नमुना आहे असं मानणाऱ्यांनी केडगाव विसरू नये. एकट्या आईचा, विधुराचा, अविवाहित बहिणीचा भार मंडळीने वाटून घ्यायचा असतो, आणि त्यासाठी मंडळी असते.

तेव्हा करायचं ते थोडं आहे आणि अवघड आहे. घरात मूल आलं, नोकरी बदलली, कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, की त्या महिन्यात एक रविवार चर्चहून आल्यावर सगळ्यांनी बसायचं आणि कामांची यादी काढायची. हातातल्या कामांची आणि डोक्यातल्या कामांचीही. वाकवणारं ओझं कुणाचं झालं आहे ते आधी पाहायचं, मग बाकीची गाठोडी लावायची. पाळकांनी आणि फादरांनी लग्नाच्या प्रवचनात मदत हा शब्द काही काळ बाजूला ठेवून जबाबदारी हा शब्द वापरून पाहावा. आणि येत्या नाताळात, गेली वीस वर्षं फक्त वळकट्या गुंडाळणाऱ्या माणसाने मैदा आणण्यापासून सुरुवात करावी, शेवटी कढईही घासावी. एवढ्या वर्षांत कढईपाशी उभी राहिली ती त्या संध्याकाळी ताटापाशी बसून गुंडाळेल, आणि वाटलं तेव्हा मध्येच उठून जाईल.